शेडमधला उपग्रह

भारताचा पहिला उपग्रह बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील शेडमध्ये तयार झाला. एप्रिल १९७५ मध्ये सोव्हिएत रॉकेटवरून ‘आर्यभट’ सुटला, तेव्हा त्याचे संदेश टिपण्यासाठी धड जागाही नव्हती. एका स्वच्छतागृहाचेच केंद्र केले, असे प्रकल्पाचे प्रमुख यू. आर. राव सांगत. त्याच काळात पुण्याजवळच्या भोसरी-पिंपरीत टेल्को आणि बजाजसाठी सुटे भाग करणारी शेडही उभी राहत होती. भोसरीत वाहने घडली, उपग्रह मात्र घडले नाहीत. याला हुन्नर कमी पडला म्हणणे हा कारागिरांवर अन्याय होईल.

घनाकृती लघुउपग्रहाची बाजू १० सेंटिमीटर, वजन साधारण किलोभर. त्याच्या रुंदीत एक दशांश मिलिमीटर इकडेतिकडे चालते. भोसरीतला व्हीएमसी यंत्र चालवणारा कारागीर याहून कितीतरी बारीक काम रोज जॉबवर्कवर करतो. पुण्याने उपग्रह केलेलाही आहे. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने वीस उपग्रह नेले, त्यांत शिवाजीनगरच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ होता. दिशा धरायला त्यात इंधन नव्हते, मोटर नव्हती. आतल्या चुंबकाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घ्यायचे. कमी पैशांतली अस्सल हुशारी! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला. सत्कार झाले, मुले पास होऊन पांगली. त्यांच्यामागे भोसरीत पुरवठादारांची साखळी काही उभी राहिली नाही.

घोडे अडते ते चाचणीपाशी. उड्डाणाच्या हादऱ्यांत स्क्रू सैल होऊन चालत नाही. कक्षेत दिवसातून पंधरा-सोळा वेळा ऊन आणि अंधार येतो. हवा नसल्याने साधा डिंक किंवा प्लास्टिक वाफ सोडते आणि ती वाफ कॅमेऱ्याच्या भिंगावर बसते. त्यामुळे भाग नुसता मापात असून भागत नाही. धातू कोणत्या लॉटचा, लेप कोणी चढवला, कोणत्या तपमानाला तपासला, याचा कागद सोबत लागतो. कंपन-मेज आणि निर्वात उष्णता-कक्ष ही यंत्रे वीस माणसांच्या वर्कशॉपला कशी परवडणार? नव्वद दिवसांनी पेमेंट मिळवणाऱ्याकडून ही अपेक्षा ठेवणे म्हणजे चेष्टाच.

मग हा खटाटोप कशासाठी? विजेच्या गाड्या आल्यावर इंजिनाचे भाग करणाऱ्यांना नवे काम शोधावेच लागेल. उपग्रह ती पोकळी भरून काढतील, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. मोटारीच्या ऑर्डरी लाखांत असतात, उपग्रहाच्या दहा-वीसांत. पण या कामाची शिस्त अंगी बाणली, की संरक्षण आणि वैद्यकीय उपकरणांची दारे उघडतात. पैसा तिथे आहे.

केंद्राने २०२० मध्ये ‘इन-स्पेस’ ही संस्था स्थापून खासगी उद्योगांना वाट करून दिली, २०२३ मध्ये अंतराळ धोरणही आले. आता राज्य सरकार आणि एमआयडीसीने मागे राहू नये. चाकणला वाहनांच्या चाचण्यांसाठी एआरएआयचे केंद्र आहेच. त्याच्या जोडीला उपग्रहांच्या भागांसाठी सामाईक चाचणीगृह उभारावे, तासाचा दर फलकावर लावावा आणि निम्मे तास लघुउद्योग व महाविद्यालयांसाठी राखावेत. कमान, कोनशिला आणि ‘स्पेस पार्क’ची पाटी नंतर लावली तरी चालेल.