कुलूपबंद घरांचा हिशेब

सामाजिक-आर्थिक पाहणीच्या अहवालात सर्वांत कमी वाचली जाणारी ओळ बहुधा तळाशी असते : इतकी घरे बंद आढळली, इतक्यांनी उत्तर दिले नाही. वरचे टक्के विधिमंडळात, वृत्तपत्रांत आणि पक्षाच्या ठरावांत फिरतात. वस्तुतः त्या टक्क्यांवर कितपत विसंबायचे, हे तळच्या ओळीवरूनच ठरवावे लागते.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील कातकरी वाड्यांचेच उदाहरण घ्यावे. दसरा-दिवाळी उलटली की अनेक कुटुंबे उचल घेऊन पनवेल, कल्याण, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर, तर काही त्याहून दूर कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत आलेल्या पाहणीदाराला वाडीत बंद दारे आणि मागे राहिलेली म्हातारी माणसे आढळतात. त्याचे दिवस ठरलेले, भरायच्या फॉर्मांची संख्या ठरलेली. तो शेजारच्या उघड्या घरात जाऊन संख्या पूर्ण करतो. कागदावर एकही जागा रिकामी राहत नाही. पण जे घर नमुन्यात निवडले गेले होते, त्याची कहाणी मात्र हिशेबातून जाते.

भारतात वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ साली झाला. त्याच वर्षी अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी गहाळ माहितीसंबंधी एक मूलभूत भेद मांडला. काही फॉर्म पावसात भिजून गेले, तर ते गहाळ होणे केवळ योगायोगाचे असते. नमुना लहान होतो, पण एकांगी होत नाही. दुसऱ्या प्रकारात गैरहजेरीचे कारण हाती असलेल्या माहितीवरून कळते. उदाहरणार्थ, तरुण माणसे दिवसा घरी भेटत नाहीत, पण वयाची नोंद असल्यास भेटलेल्या तरुणांना योग्य भार देऊन दुरुस्ती करता येते. तिसरा प्रकार सर्वांत घातक. जी गोष्ट मोजायची, तिच्यामुळेच माणूस गैरहजर असतो. कर्जबाजारीपणा मोजायला निघावे आणि कर्जापायीच घराला कुलूप लागलेले असावे, हा तो प्रकार होय.

एक काल्पनिक गणित मांडून पाहावे. समजा, शंभर घरांच्या वाडीत साठ घरे उघडी आढळली आणि त्यांपैकी बारा घरांनी उचल घेतलेली होती. बंद घरे वगळली, किंवा त्यांच्या जागी उघडी घरे घेतली, तर प्रमाण २० टक्के निघते. पण चाळीस बंद घरांपैकी एकावरही उचल नसेल तर खरे प्रमाण १२ टक्के, आणि सर्वांवर असेल तर ५२ टक्के. म्हणजे हाती असलेल्या माहितीवरून १२ ते ५२ एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. २० हा आकडा नेमका दिसतो, परंतु तो मोजणीतून आलेला नसून गृहीतकातून आलेला असतो.

यावर उपाय नाही असे नव्हे. हॅन्सन आणि हर्विट्झ यांनी १९४६ मध्येच तो सुचविला होता : उत्तर न देणाऱ्यांतून पुन्हा एक छोटा नमुना काढावा आणि त्यांना कसून गाठावे. वरील वाडीत बंद घरांपैकी दहा घरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत, ती माणसे ज्या भट्टीवर असतील तिथे जावे. त्यांतील आठ जणांवर उचल आढळली, तर चाळीस घरांमागे बत्तीस धरावीत. प्रमाण ४४ टक्के होईल. दहा घरांवरून काढलेल्या या आकड्यातही चूक संभवते, परंतु ती नमुन्याची चूक असते आणि तिचे माप काढता येते. या पद्धतीला खर्च येतो, वेळ लागतो. म्हणूनच ती टाळली जाते.

गैरहजेरी दुसऱ्या टोकालाही असते. याच कर्जत परिसरातील फार्महाउसच्या फाटकावर पाहणीदाराला पहारेकरी भेटतो, मालक भेटत नाही. सर्वांत गरीब भट्टीवर आणि सर्वांत श्रीमंत फाटकाआड. मग उरलेल्या मधल्या लोकांच्या उत्तरांवरून विषमता सौम्य असल्याचा निष्कर्ष निघाला, तर आश्चर्य कसले?

पाहणीच्या आधी यादी असते, आणि यादीतून सुटण्याची किंमत खालापूर तालुक्याने मोजली आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले. ठाकर आदिवासींची ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत नाव असते तर सारे वाचले असते, असे म्हणता येणार नाही. परंतु ज्याची नोंदच नाही, त्याच्यासाठी शासनयंत्रणेने हलावे कशाला, हा प्रश्न उरतोच.

जनगणनेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक व्यापक होतो. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. त्या संपूर्ण काळात घराबाहेर असलेल्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे व्हावयाची होती. नंतरच्या पडताळणीत दर हजारी २३ माणसे सुटल्याचा अंदाज निघाला. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी जाहीर झाली. तोही भट्ट्यांचाच हंगाम. भट्टीवरील झोपडी मोजली गेली नाही, तर ते कुटुंब वाडीतही नाही आणि भट्टीवरही नाही.

म्हणून कोणत्याही गणनेपूर्वी कार्यकर्त्यांनी वाडीवार याद्या कराव्यात : कोण कुटुंब कोठे गेले, कोणत्या महिन्यात परतणार. त्या तहसील कार्यालयात देऊन भट्ट्यांवरील गणनेचा आग्रह धरावा. पक्षाच्या आणि संघटनांच्या स्वतःच्या पाहण्यांनाही हाच नियम लागू व्हावा. मोर्चाला आलेल्यांचे फॉर्म भरून तालुक्याचे चित्र रंगविणे, हा उघड्या घरांचाच हिशेब झाला. किती घरे बंद होती, ती का बंद होती आणि त्यांना गाठण्यासाठी काय केले, हे अहवालाच्या पहिल्या पानावर छापले जावे. शासनाकडे खरा आकडा मागण्याचा अधिकार त्यानंतरच पोचतो.