एक उत्तर, प्लीज!

ऑफिसात एक्सेल उघडलं की चेहऱ्यावर बारा वाजतात? मग या वीकएण्डला तीच शीट जरा वेगळ्या मूडमध्ये उघडा. टार्गेट नाही, रिपोर्ट नाही. चित्रकोडं बनवायचं!

या कोड्याचं नाव नॉनोग्राम. प्रत्येक ओळीच्या डावीकडे आणि रकान्याच्या डोक्यावर आकडे असतात. '3 1' म्हणजे सलग तीन चौकटी काळ्या, मध्ये किमान एक रिकामी, मग एक काळी. 10 चौकटींच्या ओळीला 7 हा आकडा असेल, तर सातचा पट्टा कसाही सरकवा, मधल्या चार चौकटी काळ्या होणारच. असं लॉजिकने पुढे सरकत गेलं की चित्र उमटतं. 1987 मध्ये जपानच्या नॉन इशिदांनी टोकियोतल्या उंच इमारतीच्या खिडक्यांतले दिवे लावून-विझवून चित्रं काढली आणि एक स्पर्धा जिंकली. त्यातूनच हे कोडं सुचलं. त्याच सुमारास तेत्सुया निशिओंनीही स्वतंत्रपणे तेच शोधलं. 1990 पासून लंडनचा 'संडे टेलिग्राफ' ते दर आठवड्याला छापू लागला आणि नॉनबाईंच्या नावावरून नॉनोग्राम हे नाव पडलं.

आमच्या करमाडमध्ये याचा प्रसार शेंद्रा एमआयडीसीतल्या पोरांनी केला. एका खोलीत चौघं राहतात. एक जालन्याचा, एक बीडचा, दोघं बिहारचे. शब्दकोड्याला भाषा यावी लागते, इथे फक्त मोजता आलं की झालं. त्यामुळे चौघांचाही टाइमपास एकच.

आता कृती. कॉलमची रुंदी 2.14 ठेवा, म्हणजे 15 उंचीच्या ओळीत चौकट बरोबर चौकोनी होते. जिथे काळं हवं तिथे 1 टाइप करा. मग कंडिशनल फॉरमॅटिंगला सांगा, 1 दिसला की चौकट काळी. झालं चित्र! आकडे मोजायला दुसरी शीट घ्या. तिथला फॉर्म्युला एवढाच: चित्रात 1 असेल तर डावीकडच्या आकड्यात एक मिळव, नसेल तर 0. तीनचा पट्टा आपोआप 1, 2, 3 असा दिसतो आणि शून्याआधीचा किंवा कडेचा शेवटचा आकडा हाच तुमचा क्लू. रकान्यांसाठी तिसरी शीट, तिथे डावीकडच्या ऐवजी वरचा आकडा. ग्राफ पेपरवर एक चौकट बदलली की खोडरबर घेऊन पुन्हा मोजणी. इथे क्लिक केलं की मोजणी अपडेट.

इथपर्यंत सगळं सोपं. खरी गंमत पुढे.

त्या खोलीतल्या एकाने, जो क्वालिटीत आहे, मस्त फुलपाखरू बनवून बाकीच्यांना दिलं. रूममेटने रात्रपाळीहून येऊन ते सोडवलं. सगळे आकडे जुळले, पण पंखावरचे दोन ठिपके भलत्याच जागी आले. बनवणारा म्हणाला, चूक. सोडवणारा म्हणाला, "गिन के दिखा!" मोजलं. सगळं बरोबर. मग उत्तर चूक कसं? दोन दिवस दोघं नीट बोलत नव्हते.

माझं मत विचाराल तर सोडवणारा शंभर टक्के बरोबर. दोन ओळी, दोन रकाने घ्या आणि चारही क्लू 1 द्या. काळ्या चौकटी तिरप्या येणार. पण डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या की उजवीकडून डावीकडे? दोन्ही चालतात! मोठ्या चित्रात असे सुटे तिरपे ठिपके राहिले की तिथे लॉजिक संपतं आणि टॉस सुरू होतो. उपाय सोपा आहे. तिसरी चौकट काळी करा. क्लू 2 आणि 1 होतात, उत्तर एकच उरतं. म्हणून नवख्यांनी बारीक नक्षीपेक्षा जाड, भरीव चित्र निवडावं. मोठ्या कोड्याला दुसरं उत्तर आहे का, हे तपासणं कॉम्प्युटरलाही जड जाऊ शकतं. उएदा आणि नागाओ या जपानी संशोधकांनी 1996 मध्येच दाखवलं, की हा गणितातल्या अवघड समजल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी आहे. आपल्यासाठी देशी टेस्ट आहे. चित्राची शीट लपवा, दोन दिवस जाऊ द्या आणि फक्त आकडे घेऊन स्वतः सोडवा. कुठेही अंदाज मारावा लागला, तर कोडं परत वर्कशॉपमध्ये!

बनवणाऱ्याच्या डोक्यात चित्र आधीच असतं, म्हणून त्याला सगळं क्लीअर वाटतं. समोरच्याकडे फक्त आकडे असतात. आपण बॉसला मेल टाकतो, ज्युनिअरला काम समजावतो, घरी 'मी सांगितलं होतं' म्हणतो, तेव्हाही हेच होतं ना? दिलेल्या माहितीतून समोरच्याने वेगळं चित्र काढलं, तर त्याला चूक ठरवण्याआधी आपले क्लू तपासावेत.

फुलपाखराला शेवटी पंखावर दोन जादा चौकटी मिळाल्या आणि खोलीत चहा पुन्हा एकत्र होऊ लागला.

आता तुमची पाळी. पाच बाय पाच. ओळी वरून खाली: 1, 3, 5, 1 1, 1 1. रकाने डावीकडून: 1, 4, 3, 4, 1. उत्तर एकच आहे, तपासलंय. हिंट हवी? शिफ्ट सुटली की करमाडचा प्रत्येक माणूस जिकडे निघतो, ते!