पीठ सांडलं तरी चालेल!

२०२३च्या डिसेंबरात टोकियोला बहिणीकडे गेले होते. भाचीच्या शाळेत ‘मोचित्सुकी’ होती, म्हणजे नव्या वर्षासाठी तांदूळ कुटून ‘मोची’ करण्याचा दिवस. रात्रभर भिजवलेला चिकट तांदूळ वाफवून उखळात घातला. हातोड्यासारखं लाकडी मुसळ मुलं-मुली पाळीपाळीनं उचलत होती, बाकीची ‘योइश्शो!’ ओरडत होती. दोन घावांच्या मधे एक आजोबा ओल्या हातानं गोळा उलटत होते. ‘अगं बाई, बोटं चेचतील!’ मी पुटपुटले. आजोबा मात्र हसत होते. मग मीही दोन घाव घातले. सोयाबीनच्या भाजलेल्या पिठात घोळवलेली गरम मोची सगळ्यांनी मिळून खाल्ली.

मैत्रिणींनो, तिथं तयार मोची दुकानात मिळते, घरगुती यंत्रंही आहेत. तरी मुलांच्या हाती मुसळ देतात. आणि आपण? दिवाळीत चकलीचा सोऱ्या मागितला की म्हणतो, ‘सांडशील, अभ्यास कर.’ मुलगा असेल तर त्याला बोलावतही नाही. वर ‘हल्लीच्या मुलांना काही येत नाही’ ही कुरकुर! माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला करंजीला मुरड घालता येत नाही. चूक त्याची नाही, माझी आहे. येत्या दिवाळीत सोऱ्या त्याच्या हाती. तुम्ही कुणाला देणार?