कपाटातली कॅसेट

जुने व्हिडिओ गेम जमवायचा मला नाद आहे, असं ऑफिसात सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "त्याचे पैसे किती मिळतात?" चाळिशी ओलांडलेल्या सरकारी कारकुनाने नाणी जमवावीत, पोस्टाची तिकिटं जमवावीत, ते शोभून दिसतं. पण मारियो? घरी आईचा प्रश्न त्याहून सरळ असतो, "हें भंगार आनीक कितलें हाडटलो रे?"

आज दोघांनाही एकदाच उत्तर देऊन टाकावं म्हणतो.

आधी पैशांचं. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत 'सुपर मारियो ६४'ची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. पुढच्याच महिन्यात 'सुपर मारियो ब्रदर्स'ची सीलबंद प्रत २० लाख डॉलरला विकली गेली. अशा प्रती तपासून, गुण देऊन प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करतात. उघडली की किंमत उतरली! म्हणजे खेळ जितका कमी खेळला, तितका मोलाचा. याला मी संग्रह म्हणत नाही, मुदत ठेव म्हणतो.

आमच्या लहानपणी सीलबंद काही नव्हतंच. जपानात १९८३ साली निन्टेंडोचा फॅमिकॉम आला. आमच्या घरी नव्वदच्या दशकात आली ती त्याची नक्कल, म्हापशाच्या बाजारातून. कॅसेटवर '९९९९९९ इन १' असं छापलेलं, आत तेच दहा-पंधरा खेळ पुन्हा पुन्हा. 'काँट्रा', 'डक हंट', मारियो. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. त्या फुंकरीतल्या दमटपणाने आतलं उलट गंजतं, हे फार उशिरा कळलं. असो.

पुढे मामाने मस्कतहून माझ्या धाकट्या भावासाठी हातात धरून खेळायचा एक गेम आणला. भावाने दोन वर्षं खेळून त्यात काय काय कमावलं होतं! ते सगळं कॅसेटमध्येच साठवलेलं. तो शिकायला परदेशी गेला आणि तिकडेच राहिला. मी कॅसेट रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. कुणाला हात लावू दिला नाही. २०१५ च्या चतुर्थीला तो आला तेव्हा मी मोठ्या ऐटीत ती बाहेर काढली. खेळ सुरू झाला, पण त्याचं नाव नव्हतं. सगळं कोरं! आतली बटणाएवढी बॅटरी केव्हाच संपली होती. "आसूं दी रे," भाऊ म्हणाला. मला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

अशी बॅटरी अनेक जुन्या कॅसेटमध्ये असते. अमेरिकेत १९८७ साली आलेल्या 'द लिजंड ऑफ झेल्डा'त ती होती. १९९९ च्या 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये तर तिच्यावर घड्याळही चालतं, म्हणून ती अधिक लवकर संपते, कॅसेट कपाटात पडून असली तरी. वेळेत साठवलेला खेळ संगणकावर उतरवून घेऊन बॅटरी बदलली असती तर भावाचं नाव राहिलं असतं. चूक माझीच. मी जपलं, पण लावून पाहिलं नाही.

प्रत्येक पिढीचं दुखणं वेगळं. 'डक हंट'ची बंदूक काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीवरच चालते; सपाट टीव्हीवर तिचा वेळेचा हिशेब चुकतो आणि एक बदक पडत नाही. म्हणून त्या खेळासोबत धूड टीव्हीही सांभाळावा लागतो. १९९४ च्या प्लेस्टेशनचे खेळ सीडीवर. तिथे यंत्राची लेन्स थकते. त्यात आपला गोव्याचा पावसाळा! आणि अलीकडच्या पिढीत तर दुकानच बंद होतं. निन्टेंडोने थ्री-डीएस आणि वी-यू यांची ऑनलाइन दुकानं मार्च २०२३ मध्ये बंद केली. फक्त तिथेच मिळणारे खेळ आता जमवणार तरी कसे?

त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी प्रसिद्ध केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात विकत मिळत नव्हते.

"पण मोबाईलवर सगळं फुकट मिळतं की!" असं भाचा म्हणतो. मिळतं, आणि मी त्याला नाक मुरडत नाही. पण ती प्रत कुणीतरी मूळ कॅसेटवरूनच उतरवलेली असते, आणि बहुतेकदा कायद्याच्या नजरेआड. बाजारातून गेलेले खेळ अभ्यासकांना घरबसल्या पाहायला देण्याची मुभा ग्रंथालयांनी मागितली, तीही अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. कंपनी विकत नाही, ग्रंथालयाला देता येत नाही. मग उरतो कोण? भंगारवाला आणि माझ्यासारखा वेडा.

आमच्या माळ्यावर पणजोबांचे मोडीतले कागद आहेत. एकही फाटलेला नाही, आणि घरात ते वाचू शकणारा एकही माणूस नाही. फायलींत आयुष्य काढणाऱ्या मला हे आधीच कळायला हवं होतं. खेळाचंही तसंच. चालणारं यंत्र, तो टीव्ही आणि खेळता येणारा माणूस, हे तिन्ही असतील तरच कॅसेट राहिली म्हणायची. नाहीतर आईचं बरोबर, ते भंगारच.

म्हणून आता महिन्यातला एक रविवार सगळी यंत्रं बाहेर काढतो, पुसतो, चालवून पाहतो. पोरांना खेळू देतो. एखादी जॉयस्टिक मोडते, मोडू दे. भावाच्या त्या कॅसेटमध्ये नवी बॅटरी घातली आहे. गेल्या चतुर्थीला त्याच्या मुलाने तिच्यात आपला खेळ सुरू केला. त्याच रात्री मी त्याची प्रत संगणकावर उतरवून घेतली.

तुमच्याही माळ्यावर असा एखादा डबा असेल. विकायच्या आधी एकदा टीव्हीला लावून बघा.