डब्यांवरची फ्रेंच

मैत्रिणींनो, पुण्यात अकरावीला फ्रेंच घेतलेली माझी भाची दिवाळीच्या सुट्टीत उमरखेडला आली ती रडवेली होऊनच. "मावशी, मला हा विषय सोडायचाय. प्रत्येक वस्तूचं लिंग कसं लक्षात ठेवू?" मी म्हटलं, "अगं, मराठीत आपण तीन लिंगं सांभाळतो. त्यांच्याकडे तर दोनच!"

दोघी स्वयंपाकघरातच बसलो. चमचा आपला पुल्लिंगी, त्यांची 'ला क्वियेर' स्त्रीलिंगी. सुरी आपली स्त्रीलिंगी, त्यांचा 'ल कुतो' पुल्लिंगी. नपुंसकलिंग तिथे नाहीच, म्हणून दूधसुद्धा 'ल ले', पुल्लिंगी. युक्ती एवढीच, की शब्द एकटा पाठ करायचा नाही. 'ल' किंवा 'ला' लावूनच करायचा. तशा चिठ्ठ्या आम्ही डब्यांवर चिकटवल्या.

तू आणि तुम्ही हा भेद आजच्या इंग्रजीत नाही, पण फ्रेंचमध्ये आहे : 'त्यू' आणि 'वू'. सासूबाईंशी अहो-जाहोने बोलणाऱ्या आपल्याला तो का वेगळा शिकवायला हवा? आणि क्रोशाचं विणकाम करता ना? 'क्रोशे' म्हणजे फ्रेंचमध्ये लहानसा आकडा!

उच्चारांसाठी 'फ्रेर जाक' हे बालगीत ऐका. झोपलेल्या साधूला उठवणारं ते गाणं ऐकून आपली भूपाळीच आठवते. भाकरी थापता थापता गुणगुणलं, की जीभ वळते.

भाचीने विषय सोडला नाही. आणि बी.ए.नंतर मिटलेली माझी वही पुन्हा उघडली. तुम्हीही आज पाच चिठ्ठ्या लिहा. घरातलं कोणी हसलं, तर खुशाल हसू द्या!