मे महिन्यात सुटलेली गोळी

थंडी पडली की कळमेश्वर, काटोल, सावनेरकडून नागपूरला जाणाऱ्या रेफर चिठ्ठ्यांवर ‘लकवा, बेशुद्ध, बीपी २२०/१२०’ असल्या ओळी वाढतात. मग चार डॉक्टर एकत्र जमले की एक वाक्य हमखास कानी येतं : हल्ली ब्रेन हॅमरेज फार वाढलंय. थंडीत ते वाढतं, यात शंका नाही. जगभरचा अनुभव तोच आहे. ‘हल्ली’ वाढलं का, हा प्रश्न निराळा. त्याचं उत्तर सीटीच्या खोलीबाहेरच्या रांगेवरून देता येत नाही.

त्या रांगेपर्यंत पोहोचतं कोण, हे आधी पाहायला हवं. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश कालकोंडे, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात मृत्यूंचा माग काढला. पक्षाघात हे तिथे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं, एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के. पक्षाघाताच्या या मृत्यूंपैकी सुमारे ८७ टक्के घरीच झाले होते आणि जवळजवळ निम्मे झटक्यानंतरच्या पहिल्या महिन्यात. घरी गेलेल्या माणसाची फिल्म निघत नाही. मोठा रक्तस्राव झालेला रुग्ण तर पहिल्या काही तासांतच जातो. उद्या रस्ता सुधारला आणि १०८ ॲम्ब्युलन्स वेळेवर आली, तर तोच रुग्ण जिवंत नागपूरला पोहोचेल आणि आपल्याला वाटेल, रोग वाढला.

टक्केवारीही अशीच चकवते. डॉ. पी. एम. दलाल यांच्या मुंबईतल्या नोंदवहीत २००५–०६ या काळात पहिल्या झटक्याचे ४५६ रुग्ण नोंदले गेले. त्यांतले ८१ रक्तस्रावाचे होते, म्हणजे १७.७ टक्के. दहापैकी नऊ जणांचा सीटी झाला होता, त्यामुळे आकडा भरवशाचा. पण हा वाटा आहे, दर नव्हे. मधुमेहामुळे गुठळीचे झटके वाढले, तर रक्तस्रावाचे रुग्ण तेवढेच राहूनही त्यांचा वाटा घसरेल. दर काढायचा तर छेदात लोकसंख्या लागते. आयसीएमआरच्या पुढाकाराने कटक, वाराणसी, कछार, तिरुनेलवेली आणि कोटा इथे लोकसंख्येवर आधारलेल्या नोंदवह्या झाल्या. त्या पाचांत महाराष्ट्र नाही.

बाहेर ज्यांनी दशकानुदशकं मोजलं, त्यांच्याकडे चित्र मोठं बोलकं आहे. ऑक्सफर्डशायरमध्ये १९८१ नंतरच्या पाच वर्षांची २००२–०६शी तुलना केली, तेव्हा पंचाहत्तरीच्या आतल्यांमध्ये रक्तस्राव बराच घटलेला दिसला आणि ही घट मुख्यतः उच्च रक्तदाबाशी जोडलेल्या रक्तस्रावात होती. पंचाहत्तरीनंतर घट नव्हती. तिथे रक्त पातळ करणाऱ्या औषधांवरचे रुग्ण वाढले होते. फ्रान्समधल्या दिजाँ शहरात १९८५ ते २००८ या काळात एकूण दर जवळपास स्थिर राहिला. पण त्या स्थिर आकड्याच्या आत साठीखालचे निम्म्याने कमी झाले होते आणि पंचाहत्तरीवरचे ८० टक्क्यांनी वाढले होते. म्हणजे एका नावाखाली दोन आजार आहेत. बेसल गँग्लिया, थॅलॅमस, पॉन्सला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या दाबाने झिजून फुटतात, तो एक. मेंदूच्या कडेच्या भागात, अमायलॉइड साचलेल्या म्हाताऱ्या धमन्यांतून होणारा, तो दुसरा. दाबावर उपचार झाले की पहिला आजार मागे हटतो. जपानने १९६० नंतर गावोगाव बीपी मोजून आणि मीठ कमी करून हेच साधलं. मात्र रक्तस्राव झाल्यावर महिन्याभरात दगावण्याचं प्रमाण, सुमारे ४० टक्के, १९८० ते २००८ या काळात जगात कुठे फारसं हललं नाही. जे काही कमावलं गेलं, ते झटक्याच्या आधीच्या वर्षांत.

आपल्याकडे ती आधीची वर्षं कशी जातात?

कळमेश्वरच्या एमआयडीसीतला पाळीचा कामगार घ्या, नाहीतर संत्र्याच्या बागेतून थेट दवाखान्यात आलेला पंचेचाळिशीचा शेतकरी घ्या. डोकं दुखतं म्हणून येतो. खर्रा गालात असतो. पन्नी खिशात कोंबत, तोंड वर करून बोलतो. स्वेटरची बाही वर जात नाही म्हणून कफ वरूनच गुंडाळला जातो. आकडा येतो १७६/१०८. आपण मनाशी म्हणतो, खर्रा खाल्लाय, स्वेटर आहे, थोडा घाबरलाही असेल; पुढच्या वेळी पाहू. नियमाप्रमाणे बरोबरच आहे, तंबाखूनंतर अर्धा तास थांबून मोजावं. पण दर तासा-दीड तासाला खर्रा घासणाऱ्या माणसाच्या आयुष्यात तो बिनातंबाखूचा अर्धा तास येतो कधी? त्याच्या धमन्यांना रोज सोसावा लागतो तो हाच दाब. आमचं मत असं की दोन्ही आकडे लिहावेत, खर्र्यासह आणि खर्र्याशिवाय, आणि पहिल्या आकड्याकडे निव्वळ चूक म्हणून पाहू नये.

गोळी सुरू होते. मार्च-एप्रिल जातो. नागपूरचा पारा ४५ कडे सरकला की रक्तवाहिन्या सैल पडतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, दाब उतरतो. सोबत डाययुरेटिक असेल तर उभं राहताना चक्कर येते. रुग्ण सांगतो, ‘बीपी तर उतरला ना जी, मंग गोळी कायले घ्याची?’ कधी तो स्वतः बंद करतो, कधी आपण निम्मी करतो. मे महिन्यात हा निर्णय चुकीचा असेलच असं नाही. घोळ पुढे आहे. दिवाळी होते, रात्रीचं तापमान दहाच्या खाली येतं, दाब पुन्हा चढतो आणि सुटलेली गोळी सुरू करायला कुणी बोलावत नाही. मेलबर्नमधल्या १९९८ सालच्या एका अभ्यासात उच्च रक्तदाबाच्या रुग्णांतले रक्तस्रावाचा जास्त धोका असलेले तीन गट वेगळे काढले होते : पंचावन्नपर्यंतच्या वयाचे, धूम्रपान करणारे, आणि औषध सोडून दिलेले. धूम्रपानाच्या जागी खर्रा ठेवणं शास्त्रशुद्ध नाही, हे कबूल. तरी आपल्या ओपीडीतला कोण माणूस डोळ्यांपुढे येतो, ते सांगायला नको. त्यात देशी दारूची भर. दारूचा संबंध गुठळीपेक्षा रक्तस्रावाशी अधिक घट्ट आहे.

औषध चालू ठेवण्याचं फळ किती, तेही माहीत आहे. ‘प्रोग्रेस’ चाचणीत एकदा झटका येऊन गेलेल्यांचा दाब सरासरी फक्त ९/४ ने उतरला आणि मेंदूतला रक्तस्राव निम्म्यावर आला. वर्धा आणि भंडारा या आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरुवातीच्या टप्प्यातच आला होता. त्यात नवं औषध काहीच नव्हतं. ठरलेल्या दोन-तीन गोळ्या, महिन्याचा साठा, आणि न आलेल्या रुग्णाला फोन. खासगी दवाखान्याला हा फोन कमीपणाचा का वाटावा, हे आम्हाला कळलेलं नाही.

म्हाताऱ्या धमन्यांचा तो दुसरा आजारही येतोच आहे. नागपूरहून स्टेंट घालून आलेला आजोबा ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही खातो, गुडघ्यासाठी मेडिकल स्टोअरमधून वेदनाशामक आणतो. चिठ्ठीतलं दुसरं औषध कधी थांबवायचं होतं, ते कुणी वाचत नाही. विदर्भापुरती आणखी दोन कारणं लक्षात असावीत : तिशीच्या आतबाहेरच्या रुग्णात सिकलसेल, आणि शेतातून आलेल्यात घोणसचा दंश.

झटका आलेला रुग्ण समोर असताना काय करू नये, हे २०२४ मध्ये अधिक स्पष्ट झालं. ‘इंटरॅक्ट-४’ या चिनी चाचणीत सीटीआधीच, ॲम्ब्युलन्समध्ये दाब उतरवला. रक्तस्राव निघालेल्यांना त्याचा फायदा झाला, गुठळी निघालेल्यांचं नुकसान झालं, गोळाबेरीज शून्य. तेव्हा जिभेखाली निफेडिपिन नको, ॲस्पिरिन तर नकोच. नागपूर कळमेश्वरहून वीस-पंचवीस किलोमीटर. औषधं देण्यात जाणारा वेळ वाचवावा. रक्तस्राव ठरल्यावर मात्र घाई हवी. भारतासह दहा देशांत झालेल्या ‘इंटरॅक्ट-३’मध्ये तासाभरात सिस्टॉलिक १४० खाली आणणं, साखर आणि ताप आटोक्यात ठेवणं आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवणं, एवढ्यावर अपंगत्व कमी झालं. नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा एम्स रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरला यासाठी आपल्या चिठ्ठीत तीन गोष्टी हव्यात : रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला, रक्त पातळ करणारं कोणतं औषध चालू आहे, आणि आपण वाटेला लावताना काय दिलं.

राहिला मोजण्याचा प्रश्न. कळमेश्वर तालुक्याची लोकसंख्या जनगणनेत आहे. छेद तयार आहे. अंश आपल्याला जमवावा लागेल, आणि त्यात घरी झालेले मृत्यूही आले पाहिजेत. आशाताईंना ते आपल्या आधी कळतात. या अंकाच्या शेवटच्या पानावर नोंदीचा साधा नमुना छापला आहे : वय, महिना, सीटी झाला का, खर्रा, दारू. त्यांपुढचा शेवटचा रकाना भरायला वेळ लागेल, नातेवाइकांना दोनदा विचारावं लागेल, तरी तो रिकामा सोडू नये. बीपीची गोळी कधी सुटली आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे तिथे लिहायचं आहे.