समग्र वाचणारा न्यायाधीश

न्यायाधीशाची कारकीर्द पदव्यांनी नव्हे, निकालांनी मोजावयाची असते. १८९७ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. आर्थर स्ट्रॅची यांनी 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीस सांगितला. ६ विरुद्ध ३ मतांनी लोकमान्य टिळक दोषी ठरले व त्यांस १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढल्याच वर्षी स्ट्रॅची अलाहाबादेस मुख्य न्यायाधीश झाले.

त्याच न्यायालयात १९१६ साली न्या. बॅचलर यांच्यापुढे पुन्हा टिळकांचेच प्रकरण आले. १ मे रोजी बेळगावात स्वराज्यावर केलेले मराठी भाषण व नंतरची नगरची दोन भाषणे यांबद्दल पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने २०,००० रुपयांचा जातमुचलका मागितला होता. बेळगावास खेटलेले शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते. शब्द तेच, पण वेशीगणिक अंमल निराळा! ९ नोव्हेंबर रोजी बॅचलर आणि न्या. लल्लूभाई शहा यांनी तो हुकूम रद्द केला. सुटे वाक्य न उचलता भाषण समग्र व उदार बुद्धीने वाचावे, हे बॅचलर यांचे सूत्र होते. ज्या सरकारचे ते सेवक, त्याच्याच विरुद्ध ते लागू झाले.

२०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचे कलम स्थगित ठेवले; २०२४ पासून न्यायसंहितेचे १५२ वे कलम आले. कलमांचे क्रमांक बदलतात. वक्त्याचे स्वातंत्र्य मात्र वाचणाऱ्याच्या नेकीवरच टिकते. परक्या न्यायाधीशास जे साधले, ते स्वकीयांस साधू नये काय?